तलवार सगळ्यांनाच पाहिजे, ढाल कोण धरणार?

रात्रीचे साडेदहा. गोंदियातली एखादी भाड्याची खोली. चौघांपैकी एक अर्जुनी मोरगावचा, एक सालेकसाचा, दोघं तिरोड्याकडचे. मेसचा डबा खाऊन झालाय. उद्याच्या प्रॅक्टिकलला अजून खूप वेळ आहे, असं चौघांनी मिळून ठरवून टाकलंय. दोन दिवस डेटा वाचवून उतरवलेला गेम शेवटी उघडतो.

नाव टाका, असं गेम म्हणतो. नावातच वीस मिनिटं जातात, कारण आपल्याला सुचलेलं प्रत्येक भारी नाव जगात कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं असतं. मग पुढची स्क्रीन येते. सहा-सात आकृत्या रांगेत उभ्या. एकाच्या हातात तलवार, एकाच्या हातात धनुष्य, एकीच्या हातात जादूची काठी, एक बिचारा पाठीवर पोतं घेऊन उभा. आणि प्रश्न एकच : तुम्ही कोण होणार?

‘‘अबे, तू कोणता घेतला?’’

‘‘तलवारवाला.’’

‘‘अन् तू?’’

‘‘मीपण तलवारवालाच.’’

‘‘मग मीच काहून दुसरा घेऊ?’’

चौघंही तलवारवाले. चौघंही एकदम पहिल्या गुहेत शिरतात. दीड मिनिटात चौघंही आडवे. आणि मग रात्री एक वाजेपर्यंत भांडण एकाच गोष्टीवर : चूक कोणाची?

हसू नका. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये नवख्या माणसाची पहिली चूक बहुतेक वेळा हीच असते. त्याला वाटतं, गेम निवडला की झालं, आता खेळायचं. खरं तर त्या स्क्रीनवर तो एक काम निवडत असतो. पुढचे कितीतरी दिवस, रोज, तेच ते करायचं काम. आणि हे काम तो निवडतो कसं? तर चित्रात कोणाचा कोट झकास दिसतो ते बघून.

आज या पानावर त्याच स्क्रीनविषयी बोलू. तिच्यापुढे बसून स्वतःला कोणते प्रश्न विचारावेत, हे एकदा कळलं, तर ते गेमच्या बाहेरही कामाला येतात.

आधी एक गैरसमज दूर करू

आपल्या जिल्ह्यात ‘ऑनलाइन गेम’ हे शब्द काढले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांचं चुकतंही नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन गेमिंगच्या नावाखाली आपली ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाल्याची तक्रार केली, आणि नागपूर पोलिसांचं पथक छापा टाकायला आलं ते थेट गोंदियात. कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं जप्त झाल्याच्या बातम्या त्या आठवड्यात घराघरांत वाचल्या गेल्या. तेव्हापासून पोरगं मोबाइलवर दोन तास दिसलं की आई विचारते, ‘‘त्या गेमात तर नाही ना पडला?’’

तो सगळा मामला पैसे लावण्याचा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्या कायद्याने पैसे लावून जिंकायचे-हरायचे ऑनलाइन गेम बंद केले, आणि ई-स्पोर्ट्स व नुसते करमणुकीचे सोशल गेम त्यातून वेगळे काढले. आपण ज्याच्याविषयी बोलतोय तो रोल-प्लेइंग गेम या दुसऱ्या कुळातला. इथे पैज नसते. एक जग असतं, त्यात हजारो माणसं एकाच वेळी वावरतात, आणि प्रत्येकाचं तिथे एक पात्र असतं. पात्राला धंदा असतो, हत्यार असतं, नाव असतं आणि, बहुतेक वेळा, रिकामा खिसा असतो.

पैसे लावत नाही म्हणजे काहीच लावत नाही, असं मात्र समजू नका. वेळ लावतो. तो किती, ते पुढे येईलच.

‘तू कोण?’ हा प्रश्न आला कुठून?

१९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. कॉम्प्युटर नाही, काही नाही. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. त्याच्या पहिल्या आवृत्तीत पात्रांचे प्रकार तीनच होते : लढणारा, जादू करणारा आणि धर्मगुरू. जखम भरून काढायचं काम त्या धर्मगुरूकडे. आज जगभरच्या गेममध्ये जे डझनावारी प्रकार दिसतात, त्यातल्या बहुतेकांचे आजोबा हेच तिघे.

पुढे १९७८ मध्ये इंग्लंडच्या इसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी एकाच वेळी अनेकांना खेळता येईल असा ‘मड’ नावाचा गेम तयार केला. चित्र एकही नाही. सगळा कारभार अक्षरांचा. आजच्या मोठमोठ्या ऑनलाइन जगांचं मूळ दोन कॉलेजकुमारांच्या उद्योगात आहे, हे लक्षात असू द्या. याच बार्टलने १९९६ मध्ये एक निबंध लिहिला. माणसं अशा गेममध्ये येतात कशाला, हा त्याचा प्रश्न. त्याला चार तऱ्हा दिसल्या. काहींना लेव्हल वाढवायची असते, गुण जमवायचे असतात. काहींना नकाशाचा कोपरान् कोपरा बघायचा असतो. काही जण फक्त गप्पा मारायला, माणसं जोडायला येतात. आणि काहींना दुसऱ्याला हरवल्याशिवाय चैन पडत नाही.

आता स्वतःकडे बघा. कॉलेजच्या सहलीला हाजरा फॉलला गेल्यावर तुम्ही काय करता? सगळ्यात आधी वरपर्यंत कोण पोहोचतो याची शर्यत लावता, बाजूची पायवाट कुठे जाते ते बघायला निघता, की दगडावर बसून दोस्तांशी गप्पा हाणता? बार्टलच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल, आणि स्क्रीनवरची निम्मी निवडही तिथेच होऊन जाईल. पायवाटा शोधणाऱ्याने तिरंदाज किंवा चोर घ्यावा, एकट्याने फिरताना तेच बरे. गप्पा मारणाऱ्याने व्यापारी किंवा वैद्य घ्यावा, माणसं आपोआप दाराशी येतात.

‘भारी कोणता?’ हा प्रश्नच चुकीचा

नवखा माणूस मात्र हे स्वतःला विचारत नाही. तो यूट्यूबवर जातो आणि शोधतो : सगळ्यात भारी क्लास कोणता? तिथे कुणीतरी यादी लावलेली असते. पहिल्या नंबरवर अमका, तळाला तमका. गेमवाल्यांच्या भाषेत याला ‘मेटा’ म्हणतात. म्हणजे सध्या चलती कोणाची आहे, ते.

या यादीत तीन खोटी आहेत.

पहिली ही, की ती आजची आहे. गेम बनवणारे दर काही महिन्यांनी पॅच सोडतात. एखादा क्लास फारच जोरात असला की त्याचे दात काढतात, मागे पडलेल्याला वर उचलतात. तुम्ही महिनाभर घासून पहिल्या नंबरवाला क्लास उभा करता, आणि मंगळवारी सकाळी उठून बघता तर तो पाचव्या नंबरवर.

दुसरी खोट. ती यादी त्या खेळाडूची आहे, जो गेमच्या शेवटच्या टप्प्यावर बसलाय. त्याच्याकडे उत्तम हत्यारं आहेत आणि पंचवीस जणांची मुरलेली टीम आहे. तुमच्याकडे फुटका भाला आहे आणि सालेकसाचा दोस्त आहे. त्याच्यासाठी जे भारी, ते तुमच्या पहिल्या दहा लेव्हलला अगदी निरुपयोगी असू शकतं. जादूगार हे त्याचं ठरलेलं उदाहरण. पुढे जाऊन तो डोंगर उडवतो, पण सुरुवातीला एका सशाने दोन धडका दिल्या की कोसळतो.

तिसरी खोट सगळ्यात मोठी. ती यादी तुम्हाला ताकद सांगते, काम सांगत नाही. हीलर घेतला म्हणजे रोज काय करायचं? पूर्ण लढाईभर शत्रूकडे न बघता साथीदारांच्या जीवाच्या पट्ट्यांकडे बघायचं. कोणाची पट्टी खाली आली की भरायची. मेहनत सगळी तुमची, टाळ्या तलवारवाल्याला. कुणी मेलं की ओरडा मात्र तुम्हाला. टँक घेतला म्हणजे काय? सगळ्यात पुढे उभं राहायचं, सगळा मार आपल्या अंगावर घ्यायचा, आणि रस्ता पाठ असायला हवा, कारण बाकीचे तुमच्या मागून येतात. तिरंदाज घेतला म्हणजे लांब उभं राहून नेम धरायचा आणि मोह झाला तरी पुढे जायचं नाही.

यातलं कोणतं काम दहाव्या संध्याकाळीही कंटाळा न येता करू शकाल? पहिला प्रश्न हा. पहिल्या संध्याकाळी सगळंच भारी वाटतं.

ढाल धरणारा का मिळत नाही?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ साली आलेला गेम आजही चालू आहे. त्यात एका गुहेत पाच जणांची टोळी जाते. एक टँक, एक हीलर आणि तीन मारणारे. हिशेब साधा आहे. पण २०११ मध्ये गेमच्या कंपनीला एक योजनाच आणावी लागली : ज्या भूमिकेची माणसं कमी पडतायत, त्या भूमिकेत या आणि वरून बक्षीस घ्या. काहून? कारण मारणाऱ्यांची रांग लांबच लांब, आणि त्यांना न्यायला टँकच नाही. ‘फायनल फँटसी १४’ या गेममध्येही तशीच सोय आहे. कमी असलेल्या भूमिकेत उतरलात, तर थोडा जास्तीचा मोबदला.

म्हणजे बघा, लाखो माणसं करमणुकीला जमली, सगळ्यांना निवडीची पूर्ण मोकळीक दिली, तरी ढाल धरायला लालूच दाखवावी लागली.

आपल्याला हे नवीन नाही. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं. थंडीत घोंगडी पांघरून माणसं पहाटेपर्यंत बसतात. त्या नाटकात नायक एक असतो, खलनायक एक असतो. पण पेटी वाजवणारा, पडद्यामागून संवाद सांगणारा, दिव्यांवर बसलेला आणि चार वाजता पेंगणाऱ्या पब्लिकला जागं करणारा विनोदी नट, यातला एक जरी आला नाही तर नायकाची पंचाईत होते. टोळीचं गणित नेहमी असंच असतं. नायकाच्या जागेसाठी भांडण, आणि पेटीवाला मिळाला नाही म्हणून प्रयोग रद्द.

म्हणून दुसरा प्रश्न : मी कोणाबरोबर खेळणार, आणि त्यांच्यात कोण कमी आहे? एकटंच खेळायचं असेल, तर स्वतःची जखम स्वतः भरू शकेल असा क्लास घ्या. दोस्तांबरोबर खेळायचं असेल, तर आधी चौघं बोला, मग निवडा. चारातला एक टँक आणि एक हीलर झाला, की ती दीड मिनिटात संपलेली गुहा अर्ध्या तासात पार पडते. आणि एक गुपित सांगतो. टँक किंवा हीलरला अनोळखी लोकसुद्धा हात जोडून बोलावतात. नवख्याला ओळखी पाहिजे असतील, तर त्याच्यासारखा दुसरा रस्ता नाही.

यात एक पण आहे, आणि तो आपल्याकडे फार महत्त्वाचा. नेटवर्क. देवरी-सालेकसाच्या आतल्या गावांत रेंज येते-जाते हे कुणाला सांगायला नको. तलवारवाल्याचं नेट गेलं, तर टोळीचा एक हात कमी होतो. टँकचं किंवा हीलरचं नेट गेलं, तर टोळीच मरते. तेव्हा गावाकडे असताना नेट भरवशाचं नसेल, तर आधीच सांगून टाका आणि जबाबदारीची जागा दुसऱ्याला द्या. यात कमीपणा काहीच नाही. उलट न सांगता ढाल उचलणं, हा दगा आहे.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. टोळीत मुलगी आहे असं कळलं की न विचारता तिला म्हणतात, ‘‘तू हीलर घे.’’ जणू सेवा करणं हे जन्मतःच तिच्या नावावर लिहिलंय. आपल्या दंडारीत स्त्रीपात्रं पुरुष करत आले, आणि पब्लिकने ती डोक्यावर घेतली. सोंग घ्यायला कोणती जात-पात, कोणतं लिंग लागत नाही, हे आपल्या मातीने केव्हाच सांगून ठेवलंय. मग स्क्रीनवर तलवार कोणी घ्यायची आणि मलम कोणी लावायचं, हे दुसऱ्याने का ठरवावं? मुलींनो, हीलर आवडत असेल तर जरूर घ्या. दुसऱ्याला सोयीचं म्हणून घेऊ नका. आणि पोरांनो, एकदा तुम्ही मलम लावून बघा.

धान पिकवायचं, की गिरणी टाकायची?

बऱ्याच गेममध्ये लढायच्या भूमिकेशिवाय एक पोटापाण्याचा धंदाही निवडायचा असतो. इथे नवखे हमखास फसतात. त्यांना लोहार व्हायचं असतं. स्वतःची तलवार स्वतः घडवायची, वा! पण लोहाराला लोखंड लागतं. ते बाजारातून घ्यायचं, त्याच्या पंचवीस तलवारी करायच्या. शिकाऊ हाताच्या त्या तलवारी कुणी विकत घेत नाही, तरी पुढची पायरी गाठायला त्या करत राहायच्या. आठवडाभरात खिसा साफ.

गोंदियाच्या माणसाला हे समजवायला वेळ लागू नये. आपल्याभोवती एकीकडे धानाची बांधी आणि दुसरीकडे राइस मिल. भरडाईसाठी गिरणी टाकायची तर जागा, यंत्र, वीज आणि सगळ्यात आधी पोत्यांनी धान पाहिजे. गिरणी पहिल्या दिवशी उभी राहत नाही. गेममध्येही धंद्यांचे हेच दोन गट असतात : गोळा करणारे आणि घडवणारे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एका पात्राला मुख्य धंदे दोनच घेता येतात, आणि त्यात खाणकाम, वनस्पती गोळा करणं आणि कातडी काढणं हे तीन गोळा करणारे. या तिघांना भांडवल जवळजवळ लागत नाही. रस्त्याने जाता जाता उचलायचं आणि बाजारात टाकायचं. मोठ्या लेव्हलच्या कारागिरांना दगड फोडत बसायला वेळ नसतो, ते पैसे देऊन माल उचलतात. म्हणून नवख्याने दोन्ही धंदे गोळा करायचे घ्यावेत, गाठीला पैसा बांधावा, आणि मग वाटलं तर गिरणी टाकावी.

अर्थात सगळेच एकच माल घेऊन बाजारात उतरले की भाव पडतो, हेही आपल्याला शिकवायला नको. ‘अल्बियन ऑनलाइन’ नावाच्या गेममध्ये तर जवळजवळ प्रत्येक वस्तू खेळाडूच बनवतात. लाकूड, दगड, धातू, धागा, कातडं, सगळं कुणीतरी आधी तोडलेलं, खणलेलं असतं. तिथे बाजारभाव न बघता रोज तेच लाकूड तोडणारा आणि अंदाज न घेता तेच पीक लावणारा, दोघांचं दुखणं एक.

आणि तो पाठीवर पोतं घेतलेला बिचारा आठवतो? ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ या कोरियन गेममध्ये तो व्यापारी असतो. भारतातही या गेमचा वेगळा सर्व्हर काही काळ चालला होता. हा व्यापारी लढाईत सुमारच. पण दुकानदाराकडून माल स्वस्त घेतो, त्यालाच महाग विकतो, हातगाडी ओढतो आणि चौकात स्वतःचं दुकान थाटतो. पहिल्या स्क्रीनवर त्याच्याकडे कुणी बघत नाही. महिन्याभराने सगळे तलवारवाले त्याच्याच दुकानापुढे उभे असतात.

अर्धा रस्ता कुठे असतो?

आता वेळेचा हिशेब. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ हा गेम २०१८ पासून मोबाइलवर आहे. त्यात क्लासच नाहीत. मासेमारी, लाकूडतोड, स्वयंपाक, लढाई, जे कराल त्यात तुम्ही वाढता. प्रत्येक कौशल्याची शेवटची लेव्हल ९९. तिथे पोहोचायला सुमारे एक कोटी तीस लाख गुण लागतात. प्रश्न असा की अर्धा रस्ता कोणत्या लेव्हलला येतो? पन्नास? साठ? उत्तर आहे ९२. म्हणजे ९२ वर पोहोचलेला माणूस ‘झालंच की आता’ म्हणतो, तेव्हा त्याचा निम्मा प्रवास बाकी असतो.

हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. कारण माणूस न आवडणारं काम सोडत नाही ते याचमुळे. ‘इतकं केलं, आता थोडंच राहिलं.’ थोडं राहिलेलं नसतं. आणि राहिलं असलं तरी, झालेले तास परत मिळणार नसतात. वीस तासांनंतर कळलं की हा क्लास आपला नाही, तर एकविसावा तास त्यावर घालवू नका. नवं पात्र काढा. ‘फायनल फँटसी १४’मध्ये तेही लागत नाही, हत्यार बदललं की एकच पात्र दुसरा पेशा शिकू शकतं. ‘अल्बियन’मध्ये तर अंगावर घालाल तो तुमचा क्लास. ज्याचं मन ठरत नाही, त्याने सुरुवात अशा गेमपासून करावी.

एक मात्र करू नका. घाई झाली म्हणून कुणाकडून तयार अकाउंट किंवा गेममधलं सोनं खऱ्या पैशाने विकत घेऊ नका. बहुतेक गेमच्या नियमांत ते बसत नाही, अकाउंट बंद होतं, आणि त्या निमित्ताने ओटीपी मागणाऱ्यांची टोळी वेगळीच असते. शिवाय आयत्या बिळावरच्या नागोबाला गुहेत उतरलं की काय दाबायचं तेच ठाऊक नसतं. पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं.

वेळेलाही एक कुंपण घाला. तलवारवाले आपण रात्री, सकाळी प्रॅक्टिकलला कोण जाणार? टोळीनेच ठरवावं, बारा म्हणजे बारा. एकट्याने ठरवलेलं मोडतं, चौघांनी ठरवलेलं थोडं तरी टिकतं.

दहाव्या लेव्हलपर्यंत थांबा

‘रॅग्नारॉक’मधला एक नियम आम्हाला फार आवडतो. तिथे पहिल्याच स्क्रीनवर कुणालाच काही होता येत नाही. सगळे नवशिके. साधा सुरा, साधे कपडे. दहाव्या लेव्हलपर्यंत सगळीकडे फिरायचं, थोडं मारायचं, थोडं मरायचं, दुसरे काय करतायत ते बघायचं. मग त्या त्या गावच्या मंडळाकडे जाऊन सांगायचं, मला तलवारबाज व्हायचंय, किंवा व्यापारी, किंवा धर्मसेवक. गेमने नवख्याला दिलेली ही सगळ्यात मोठी भेट आहे : न ठरवण्याची मुभा.

आपल्याला ती मिळते का? दहावीचा निकाल लागतो आणि पंधरा दिवसांत सायन्स की आर्ट्स. बारावी होते आणि यादी पुढे येते : इंजिनीअरिंग, नर्सिंग, बी.एड., आयटीआय, पोलिस भरती, एमपीएससी. पदवीला गेलं की मेजर कोणता, मायनर कोणता. आणि आपण काय विचारतो? ‘सध्या कशाला स्कोप आहे?’ म्हणजे मेटाच. शेजारच्याने घेतला, म्हणून आपणही तलवारवाला. नर्सचा रात्रपाळीचा सहावा तास कसा असतो, हे नर्सिंगला जाण्याआधी आपल्यातल्या किती जणांनी कुणाला विचारलंय? पहाटे मैदानावर धावणाऱ्यांपैकी किती जणांनी हवालदाराला गाठून बंदोबस्तातला दिवस ऐकलाय? कोट दिसतो. काम दिसत नाही.

आयुष्य गेमसारखं नसतं, हे आम्हाला माहीत आहे. इथे नवं पात्र काढता येत नाही, आणि घरची चार एकर धानाची शेती कुणाला कोणती लेव्हल देते हे कुणाच्या हातात नसतं. शिकवणीची फी भरू शकणारा आणि न भरू शकणारा एकाच रेषेवरून निघत नाहीत. गेम निदान सुरुवातीला सगळ्यांच्या हाती सारखाच फुटका भाला देतो. म्हणूनच ज्यांना दुसरी संधी सहज मिळणार नाही, त्यांनी पहिल्या निवडीआधी जास्त विचारायला हवं. विचारायला पैसे पडत नाहीत. दोन दिवस कुणाच्या दुकानात बसून बघायला, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये डोकावायला, नागपूरला शिकणाऱ्या सीनिअरला फोन करून ‘तुझा मंगळवार कसा गेला?’ असं विचारायला फार काही लागत नाही. ती आपली दहावी लेव्हल.

प्रश्न दोन्हीकडे तेच तीन. रोजचं काम काय आहे आणि ते मला दहाव्या संध्याकाळीही करवेल का? मी कोणाबरोबर आहे आणि तिथे कोणाची कमी आहे? आणि चुकलं, तर परत फिरायला किती खर्च येईल?

पोरांनो, आज रात्री ती स्क्रीन पुन्हा उघडाल, तेव्हा लगेच बोट ठेवू नका. आधी एकमेकांना विचारा, ढाल कोण धरतो. कुणीच हो म्हटलं नाही, तर एकदा स्वतः धरून बघा. आवडली नाही तर सोडता येईल. आणि आवडली, तर उद्याच्या प्रॅक्टिकलच्या ग्रुपमध्येही सगळे रीडिंग घ्यायला धावतील, तेव्हा वही घेऊन नोंदी लिहायला बसणारा एक जण तुमच्यात तयार झालेला असेल. तो ग्रुप पास होतो.